पैसे भरून हमाली: ऑल व्हाइट डिनरचा आमचा पहिला अनुभव

ऑफिसमधली मैत्रीण दोन वर्षं मागे लागली होती, की एकदा तरी चला, मग यंदा शेवटी आम्ही दोघं गेलो. आम्ही न्यू जर्सीत राहतो, कार्यक्रम जवळच्याच एका शहरात होता. आयोजकांचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मूळ खूळ पॅरिसचं. १९८८ मध्ये फ्रान्स्वा पास्किये नावाचा एक जण परदेशातून परत आला, त्याने मित्रांना जेवायला बोलावलं ते ब्वा द बुलोन्यमध्ये, आणि एवढ्या मोठ्या बागेत एकमेकांना सापडायला हवं म्हणून सांगितलं की सगळे पांढरं घालून या. त्याचंच पुढे दिने आँ ब्लाँ (पांढऱ्या कपड्यांतलं जेवण) झालं, २००९ ला माँट्रियलला आलं, २०११ ला न्यूयॉर्कला. आम्ही गेलो ते त्याची नक्कल म्हणा, पण नियम सगळे तेच. जागा शेवटपर्यंत गुपित, टेबल-खुर्च्या-जेवण-ताटं-ग्लास सगळं आपलं आपण आणायचं, प्लास्टिक आणि कागदाच्या प्लेट चालणार नाहीत, आणि जाताना कचरासुद्धा आपणच घेऊन जायचा. म्हणजे दोघांचे मिळून दीडशेच्या आसपास डॉलर भरले ते नक्की कशाचे, असं नवऱ्याने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाइन त्यांच्याकडूनच घ्यायची, ती वेगळी.

कपड्यांचं माझं सोपं होतं, चिकनचा कुर्ता होता. नवऱ्याकडे पांढरी पँट एकच, क्रिकेटची, तिच्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग. म्हटलं टेबलाखाली कोण बघतंय.

जेवणावर मात्र मी दोन दिवस घालवले. पांढरे कपडे म्हणजे हळद बंद, आणि हळद बंद म्हटल्यावर कळलं की आपल्याकडे उरतं काय! शेवटी दहीभात, खमंग काकडी, इडली आणि नारळाची चटणी, ओल्या नारळाच्या वड्या. फोडणीत पण हळद घातली नाही, हात सवयीने डब्याकडे जात होता तो दोनदा मागे घेतला.

बस साडेपाचला म्हणाले, आली पावणेसातला. तोपर्यंत आम्ही सगळे फुटपाथवर, काखेत घडीचं टेबल, दोन खुर्च्या, डब्यांची पिशवी, काचेचे ग्लास टॉवेलमध्ये गुंडाळलेले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की आमदारांना अधिवेशनातून बाहेर काढलंय आणि त्यांनी येताना फर्निचर पण उचलून आणलंय. उतरल्यावर पुन्हा दहा-बारा मिनिटं चालणं, ते पण खडीवरून. ज्यांच्याकडे चाकांची गाडी होती ते आमच्याकडे दयेने बघत पुढे गेले. इथे एक सांगते, टेबल तीस इंचाच्या आसपास चौकोनी लागतं, ते घेताना दिसायला छान बघू नका, वजन बघा. आमचं छान होतं.

जागा नदीकाठची, हे कबूल करते की आयोजकांनी निवड झकास केली होती. टेबलाला टेबल चिकटवून लांबच लांब रांगा, एका बाजूला बायका आणि समोर पुरुष. दिवे लागले, सगळं मांडून झालं, आणि मग एकदम सगळ्यांनी नॅपकिन डोक्यावर गरागरा फिरवले, तो जेवण सुरू करायचा इशारा. म्हणजे त्यांचं वदनी कवळ घेता म्हणा ना! मला हसू आवरेना पण अंगावर काटा पण आला, शेकडो पांढरे रुमाल हवेत आणि मागे काळी होत जाणारी नदी.

आमच्या शेजारी त्रिनिदादची एक बाई, साठीच्या पुढची, आणि तिने डब्यातून काढले डबल्स. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांना सांगते, हळद घातलेल्या मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, आणि मध्ये रसदार चणे. पिवळेधमक! मी दोन दिवस हळदीशी भांडून आलेली आणि ही बाई पांढऱ्याशुभ्र झग्यात मजेत हाताने खातेय. तिला माझी काकडी आवडली, तिने वाडगाच ओढून घेतला, मी तिचे तीन डबल्स खाल्ले आणि चौथा उचलताना रस टपकला तो तिच्या टेबलक्लॉथवर. ती लगेच साबण शोधायला लागली. मी तिचा हात धरला, म्हटलं थांबा, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होईल, साबण घरी धुताना लावाच पण मग कापड ओलंच उन्हात टाका. तिची आजी पण हेच सांगायची म्हणे. त्यानंतर आमच्या गप्पा जेवणापेक्षा लांबल्या.

आता तक्रारी. टॉयलेट सहा, आणि माणसं शेकडो, मी पस्तीस मिनिटं रांगेत होते. आमच्या रांगेचा टेबल लीडर सुरुवातीला जागा दाखवून जो गेला तो थेट निघताना दिसला. स्पीकर आमच्या डोक्यावर, समोर बसलेल्या नवऱ्याशी मी खुणांनी बोलत होते (त्याची काही तक्रार नाही). परतीच्या बसला पुन्हा तासभर, आणि आता डब्यांबरोबर कचऱ्याची पिशवी पण.

नुसतं चांगलंचुंगलं खायचं असेल तर या पैशात कुठल्याही बऱ्या हॉटेलात जा, पाठ दुखणार नाही. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून पंगतीत जेवायची हौस असेल तर एकदा जाऊन बघा. पाचपैकी साडेतीन देते, बस वेळेवर आली असती तर चार दिले असते.

चौथ्या दिवशी त्या बाईंचा फोटो आला, टेबलक्लॉथ दोरीवर, डाग गेलेला. पुढच्या वर्षी शेजारीच टेबल लावू म्हणतात. नवरा म्हणतोय आधी चाकांची गाडी घे, मग बोलू.