नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडेना: थांबायचं, की तोवर दुसरं काही वापरायचं?

बॉडी नवीकोरी, पहिलं शूट झालंय, कार्ड लावलं तर लाइटरूम (अडोबीचं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) फाइल ओळखायलाच तयार नाही, आणि क्लायंट रोज विचारतोय फोटो कधी देताय. दिवाळीच्या ऑफरमध्ये कॅमेरा घ्यायचा आणि तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, त्यामुळे त्या दिवसांत मला हे हमखास विचारलं जातं की थांबू का, डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर शिकू का, का ती फाइलमधलं मॉडेलचं नाव बदलायची ट्रिक करू. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसे घेऊन काम करत असाल तर तेवढ्यापुरतं कॅमेरा कंपनीचंच फुकट सॉफ्टवेअर वापरा, आणि हौसेने फोटो काढत असाल तर खुशाल थांबा. असं का ते आता सविस्तर.

अडतं कुठे ते कळलं की कुठला रस्ता चालेल ते आपोआप ठरतं. रॉ म्हणजे सेन्सरवरच्या एकेका पिक्सेलने मोजलेला आकडा, रंग अजून तयारच झालेला नसतो. तो तयार करायला सॉफ्टवेअरला त्या मॉडेलबद्दल काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, म्हणजे काळा कुठून सुरू होतो ती ब्लॅक लेव्हल, सेन्सर कुठे पूर्ण भरतो ती व्हाइट लेव्हल, आणि सेन्सरचे लाल-हिरवा-निळा खऱ्या रंगात बसवणारं कलर मॅट्रिक्स. फाइलमध्ये कॅमेऱ्याचं नाव असतं, सॉफ्टवेअर ते आपल्या यादीत शोधतं, सापडलं नाही की विषय संपला. ही सोपी केस.

अवघड केस म्हणजे कंपनीने फाइलची बांधणीच बदलली. कॅननने 2018 मध्ये ईओएस एम50 बरोबर सीआर2 सोडून सीआर3 आणलं, डार्कटेबलमध्ये ते उघडायला लागलं 3.8 व्हर्जनपासून, म्हणजे डिसेंबर 2021. निकॉन झेड9 मधलं हाय एफिशियन्सी रॉ दुसऱ्या कंपनीच्या टिकोरॉ टेक्नॉलॉजीवर चालतं, ते उघडणं डार्कटेबलसारख्या ओपन सोर्सवाल्यांना फारच जड गेलं. म्हणून नवीन निकॉन असेल आणि सॉफ्टवेअरची खात्री नसेल तर मेनूत जाऊन लॉसलेस कम्प्रेस्ड निवडा. फाइल मोठी होते, होऊ दे.

आता थांबण्याबद्दल. अडोबीचे अपडेट साधारण दोन महिन्यांच्या अंतराने येतात आणि नवीन कॅमेरे त्यातच येतात, त्यामुळे कॅनन, निकॉन, सोनीच्या चालत्या मॉडेलसाठी फार मोठं थांबावं लागत नाही. कधीकधी आधी प्राथमिक सपोर्ट येतो, फाइल उघडते पण कॅमेऱ्यातल्या पिक्चर स्टाइलशी जुळणारे प्रोफाइल नंतर येतात. थांबण्याचा फायदा मोठा आहे, तुमचे प्रीसेट, तुमचा कॅटलॉग, तुमची सवय, सगळं जागच्या जागी राहतं आणि एकच एडिट दोनदा करावं लागत नाही. तोटा एकच, तारीख तुमच्या हातात नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हा सल्ला सगळीकडे फिरत असतो: "डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यात टाक, उघडेल." नाही उघडणार. डीएनजी कन्व्हर्टर, म्हणजे रॉ फाइल डीएनजी या खुल्या फॉरमॅटमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, अडोबीचंच आहे आणि त्याची कॅमेऱ्यांची यादी कॅमेरा रॉच्या (लाइटरूममध्ये रॉ उघडणारा भाग) बरोबरीनेच वाढते, म्हणजे कॅमेरा रॉला जो कॅमेरा माहीत नाही तो यालाही माहीत नाही. याचा खरा उपयोग वेगळ्या माणसाला आहे. ज्यांनी लाइटरूम 6 एकदाच पैसे भरून घेतलं आणि सबस्क्रिप्शन नको म्हणून त्यावरच आहेत, त्यांचं शेवटचं अपडेट 6.14 हे डिसेंबर 2017 मधलं, त्यानंतरचा कॅमेरा त्यांच्याकडे कधीच येणार नाही. त्यांनी नवीन डीएनजी कन्व्हर्टर घ्यावं, सेटिंगमध्ये जुन्या कॅमेरा रॉशी जुळणारी कम्पॅटिबिलिटी निवडावी आणि मूळ रॉ डिलीट न करता डीएनजीवर काम करावं. हे व्यवस्थित चालतं, फक्त प्रत्येक शूटला एक पायरी वाढते.

कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप. तिन्ही फुकट, आणि कॅमेरा बाजारात येतो त्याच सुमारास त्याचा सपोर्टही येतो, कारण फाइल त्यांचीच. रंग तर बघाच, स्किन टोन कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसला होता तसाच येतो, लग्नाच्या कामात याची किंमत मोठी आहे. त्रास आहे तो वेगाचा. शेकडो फोटो एकदम सिंक करायचे, मास्क करायचे, तर लाइटरूमची सवय असलेला माणूस वैतागतो. शिवाय इथे केलेलं एडिट पुढे लाइटरूममध्ये जात नाही, तिकडे न्यायचं तर 16 बिट टीफ (रंग तयार झालेली, मोठ्या आकाराची फोटो फाइल) काढावी लागते आणि 24 मेगापिक्सेलची एक टीफ कम्प्रेशनशिवाय 144 एमबीची होते, 45 मेगापिक्सेलची 270. पूर्ण लग्न टीफमध्ये काढायला जाऊ नका, हार्ड डिस्क भरेल. माझा सल्ला असा की व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर तिथेच बसवा, कारण टीफ झाल्यावर ते रॉसारखं मोकळेपणाने हलत नाही, क्लायंटला लगेच द्यायचे तेवढेच फोटो टीफ करा, आणि बाकीचा अल्बम सपोर्ट आल्यावर.

फुजीवाल्यांची सोय आणखी चांगली आहे. एक्स रॉ स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅमेरा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा आणि रॉ प्रोसेस करतो तो कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर, त्यामुळे फिल्म सिम्युलेशन (फुजीच्या रंगांच्या तयार स्टाइल) अस्सल मिळतं. कॅमेरा जोडलेला ठेवावा लागतो हीच काय ती अट.

आणि थांबत असाल तरी सिलेक्शनसाठी थांबू नका. जवळपास प्रत्येक रॉच्या पोटात एक जेपेग प्रीव्ह्यू असतो, फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर तोच दाखवतं, त्यामुळे रॉचा सपोर्ट नसला तरी बहुतेक वेळा निवड करता येते, आणि दिलेले स्टार नंतर लाइटरूम वाचतं. सपोर्ट येईपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं.

आता नाव बदलायची ट्रिक. एक्झिफटूल हे फुकट टूल आहे, त्याने फाइलमधलं मॉडेलचं नाव बदलून त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलचं टाकायचं, मग लाइटरूम फसतं आणि फाइल उघडतं. सोनीच्या फाइलवर हे बऱ्याचदा चालतं, सगळ्यांच्या फाइलवर चालतंच असं नाही, आणि बांधणी नवीन असेल तर मुळीच नाही. पण उघडली म्हणजे बरोबर उघडली असं नाही, इथे लोक फसतात. हळदीचा फोटो घ्या. नवरीच्या मागे पांढरा पडदा आहे, तो पांढराच दिसतो, कारण व्हाइट बॅलन्सने पांढरा-करडा सांभाळला जातो, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. आता गालावरची हळद बघा, ती हिरवटाकडे किंवा केशरीकडे सरकलेली असू शकते, हिरव्या चुड्याचा हिरवा वेगळा दिसेल, कारण गडद रंग कलर मॅट्रिक्स ठरवतं आणि ते दुसऱ्याच सेन्सरचं आहे. ब्लॅक लेव्हल जुळली नाही तर सावलीत जांभळट झाक येते, व्हाइट लेव्हल जुळली नाही तर लाइट पडून जळलेल्या भागात गुलाबी डाग. सेन्सर तोच आणि बॉडी नवीन असेल तर यातलं काही होणारही नाही, पण ते ठरवायला तुमच्याकडे खात्रीचं साधन काय? घरच्या घरी बघायला, कॉपीवर, जरूर करा. क्लायंटच्या हातात ते फोटो देऊ नका, मूळ फाइलवर तर हा प्रयोग नकोच.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आणि ताकदीची, मला मनापासून आवडतात. पण फक्त नवीन कॅमेऱ्यासाठी म्हणून तिकडे जाऊ नका. तिथेही नवीन मॉडेल कुणीतरी घालावंच लागतं, डार्कटेबलची मोठी व्हर्जन वर्षातून दोनदा येतात, आणि ऐन सीझनमध्ये नवीन इंटरफेस शिकणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. सबस्क्रिप्शन कायमचं सोडायचं असेल तर मात्र जरूर जा, सीझन संपल्यावर, निवांत. आणि तुमचा कॅमेरा तिथे नसेल तर हातावर हात ठेवून बसू नका, raw.pixls.us या साइटवर नमुन्याच्या रॉ फाइल स्वीकारतात, त्यांवरूनच या सॉफ्टवेअरचे लोक काम करतात. तुमच्या एका फाइलने पुढच्या माणसाची वाट कमी होते, घरातल्या कुंडीचा फोटो पाठवला तरी चालतो.

रॉ प्लस जेपेग हा रस्ता नसून विमा आहे, नवीन बॉडी असेल तर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. जेपेग 8 बिटची, रॉ बहुतेक 14 बिटची, म्हणजे एका रंगाच्या 256 पायऱ्या विरुद्ध 16,384, तेव्हा मांडवातल्या एलईडीने बिघडलेला रंग जेपेगमध्ये ओढायला गेलात की फाटतो. स्टेटसपुरते, रीलपुरते फोटो लगेच द्यायला मस्त. दोन स्लॉट असतील आणि एकात रॉ, एकात जेपेग टाकत असाल तर रॉचा बॅकअप उरत नाही हे तेवढं ध्यानात ठेवा.

यातलं काहीच ज्यांना करावं लागत नाही असेही कॅमेरे आहेत. अडोबीने 2004 मध्ये डीएनजी हा खुला फॉरमॅट आणला, त्यात रंगाची माहिती फाइलमध्येच असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला मॉडेल यादीत शोधत बसावं लागत नाही. लायका, रिकोचा जीआर थेट डीएनजी देतात, पेंटॅक्समध्ये मेनूतून निवडता येतं, आयफोनचं प्रोरॉ पण डीएनजीच. बाकीच्या कंपन्यांनी निदान पर्याय म्हणून तरी हे द्यायला हवं, एवढे पैसे घेता तर.

अजून कॅमेरा घेतलाच नसेल तर तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. कॅमेरा रिव्ह्यू करणाऱ्या साइटवर त्या मॉडेलच्या खऱ्या रॉ फाइल डाउनलोडला असतात, एक उतरवा आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुम्ही आज वापरता त्याच व्हर्जनमध्ये उघडून बघा. उघडली नाही आणि पंधरा दिवसांत लग्नाची ऑर्डर असेल तर सीझनभर मेन बॉडी जुनीच ठेवा, नवीन सेकंडला लावा.