फुटबॉलवरील माहितीपट: कोल्हापूरच्या पेठा की सासष्टीची गावे?

स्थानिक फुटबॉलवर माहितीपट करू इच्छिणाऱ्या मराठी दिग्दर्शकापुढे प्रामुख्याने दोन प्रदेश उभे राहतात. एक कोल्हापूर शहर, जेथे तालमींचे संघ पेठेची ईर्षा अंगावर घेऊन मैदानात उतरतात. दुसरा दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुका, जेथे हा खेळ चर्च, वाडा (म्हणजे गावातील वस्ती) आणि भातशेती यांच्या आधाराने रुजला. मुंबईचा विचार येथे केलेला नाही, कारण कुलाब्यापासून वांद्र्यापर्यंत आणि त्याही पलीकडे विखुरलेला तेथील खेळ एका प्रदेशाची संस्कृती म्हणून पडद्यावर मांडणे कठीण आहे. कोल्हापूर आणि सासष्टी यांपैकी कोठला फुटबॉल सरस, हा वाद निवडीच्या कामी फारसा येत नाही. कॅमेरा कोठे, किती काळ आणि कोणाच्या विश्वासावर उभा राहू शकेल, हे आधी पाहावे.

कोल्हापूरची सर्वांत मोठी सोय म्हणजे तेथील दाटी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब अशा प्रमुख संघांपैकी बहुतेकांची ठिकाणे जुन्या शहरात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि महत्त्वाचे सामने एकाच ठिकाणी, म्हणजे छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. हंगाम साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी लीग, मग निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा. त्यामुळे तीन-चार जणांच्या चमूला फारसा प्रवास न करता सकाळी सराव, दुपारी सामना आणि रात्री तालमीच्या दारातली चर्चा टिपता येते. मर्यादित पैशांत काम करणाऱ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

शिवाय तेथे कथानक शोधत बसावे लागत नाही. तालीम ही मुळात कुस्तीची जागा. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो राजाश्रय मिळाला, त्यातून या संस्थांना बळ आले. पुढे राजघराण्याच्याच पाठबळाने फुटबॉलही वाढला आणि 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज जी तालीम संघ उतरवते, तीच गणेशोत्सवात मंडप घालते, पेठेतील भांडण मिटवते आणि निवडणुकीत उमेदवारांच्या हिशेबातही असते. म्हणून केवळ नव्वद मिनिटांवर कॅमेरा रोखणारा माहितीपट कोल्हापुरात अर्धाच राहील. सामन्यांचे चित्रीकरण कमी झाले तरी चालेल, पण गणेशोत्सवातील त्याच मुलांचे, त्याच वर्गणीचे आणि त्याच कारभाऱ्यांचे चित्रीकरण सोडू नये, असे माझे मत आहे.

अडचणही याच ईर्षेतून निर्माण होते. एका तालमीत चमूची ऊठबस वाढली की दुसऱ्या पेठेत तो त्यांचा माणूस ठरतो. मग मुलाखती मिळतात, पण मोजूनमापून दिलेल्या. तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा हा माहितीपट एका तालमीच्या नजरेतून असेल, असे पहिल्याच भेटीत सर्वांना सांगून टाकणे अधिक सरळ आहे. समर्थकांमधील हाणामाऱ्या आणि त्यामुळे थांबवावे लागलेले सामने हा तेथील इतिहासाचा भाग आहे. तो वगळला तर चित्र खोटे ठरते आणि त्याच्यावरच भर दिला तर मंडळी पुन्हा दारात उभे करणार नाहीत. प्रेक्षागृहातील हलगी, घोषणा आणि शिव्या यांचा आवाज इतका मोठा असतो की खेळाडूंचे बोलणे हवे असेल तर त्याची व्यवस्था राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ स्वतंत्रपणे करावी लागते. दुपारनंतरच्या सामन्यांत उत्तरार्धात ऊन तिरपे होत जाते, तेव्हा कॅमेऱ्याची जागा नाणेफेकीआधी नव्हे, तर आदल्या दिवशीच त्याच वेळी जाऊन ठरवावी.

सासष्टीचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. गोव्यात हा खेळ 1883 मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली येथे आणला असे मानले जाते. म्हणजे त्याचा उगम उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यातला, पण त्याची दाट मुळे आज बाणावली, कोलवा, चिंचोणे, कुडतरी, राय, असोळणा या सासष्टीच्या गावांत दिसतात. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत गोलचे खांब उभे राहतात आणि गावागावांतील स्पर्धा सुरू होतात. दृश्य म्हणून याला तोड नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. नारळीची झाडे, पांढरे चर्च आणि चिखलात खेळणारी मुले यांवर पर्यटनाच्या जाहिराती इतक्या वर्षांपासून चालल्या आहेत की सुंदर चौकट लावणारा छायाचित्रकार नकळत तीच जाहिरात करून बसतो.

तेथील खरा विषय बदलाचा आहे. वास्को, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या क्लबांनी भारतीय फुटबॉलला कितीतरी खेळाडू दिले. डेंपोने तर राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये डेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे आय-लीग या तोवरच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. गावातील मुलासाठी शेतापासून मोठ्या क्लबपर्यंत जाणारी जी वाट डोळ्यांसमोर होती, ती या घडामोडींनी बदलली. त्यातच पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला कामाला गेलेले तरुण आणि बोटीवर नोकरी करणारे घरातील पुरुष हे सासष्टीच्या घरोघरचे वास्तव आहे. गावाचा संघ उभा करताना कोण येथे उरले आहे, या प्रश्नातून फार चांगला माहितीपट होऊ शकतो. मात्र तो एका हंगामात हाती लागत नाही; पावसाळा, कापणी, नाताळ आणि सुटीवर परतलेली माणसे असे निदान एक पूर्ण वर्ष तेथे काढावे लागते.

भाषेचा प्रश्न मराठी दिग्दर्शक बहुधा हलक्यात घेतो. मराठीत विचारले तर सासष्टीत उत्तर मिळेल, परंतु मनातले बोलणे कोकणीत होईल, तेही स्वतःच्या ढंगाच्या. त्यामुळे कोकणी जाणणारा सहकारी दुभाषा म्हणून नव्हे, तर सहदिग्दर्शक म्हणून हवा. जुन्या संदर्भांचेही तसेच आहे. कोल्हापुरात मराठी वृत्तपत्रे आणि तालमींच्या भिंतींवरील छायाचित्रे पुष्कळ काही सांगतात. गोव्यात 1961 पूर्वीचा काळ शोधायचा तर पोर्तुगीज वाचणारा माणूस लागतो, कारण 1900 मध्ये सुरू झालेले ‘ओ हेराल्दो’सुद्धा 1983 पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघत होते.

स्त्रियांचा खेळ दाखवायचा असेल तर मी गोव्याकडे झुकेन. भारताकडून खेळलेल्या योलांडा डिसोझा यांच्यापासून धागा पकडता येतो. कोल्हापुरातही मुली खेळतात, पण तालीम ही पुरुषांची बैठक असल्यामुळे त्यांची गोष्ट तिच्या बाहेर, शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर शोधावी लागेल आणि तो जवळपास दुसराच माहितीपट होईल.

परवानग्यांच्या बाबतीत फरक थोडा आहे. ड्रोन उडवायचा असल्यास दोन्हीकडे जपून राहावे: कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ शहरापासून फार दूर नाही आणि दाबोळीचा विमानतळ तर नौदलाच्या ताब्यात आहे. मैदानावर ध्वनिक्षेपकावरून वाजणारी चित्रपटगीते पार्श्वभूमीला राहिली तर पुढे हक्कांचा खर्च वाढतो. मुले अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण मुलगा वर्षभरात संघ किंवा गाव बदलू शकतो.

पहिलाच माहितीपट असेल, चमू लहान असेल आणि हाती सहा-सात महिनेच असतील, तर कोल्हापूर निवडावे. अनिकेत जाधव या कोल्हापूरच्या मुलाने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली, तरीही पेठेच्या सामन्याला होणारी गर्दी जराही निराळी झाली नाही. राष्ट्रीय यश आणि पेठेची निष्ठा यांतील हे अंतर तपासण्यासारखे आहे. दोन वर्षे देता येत असतील आणि कोकणी सहदिग्दर्शक खरोखरच मिळाला असेल, तरच सासष्टीला हात घालावा. दोन्ही प्रदेश एकाच माहितीपटात बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दीड तासात दोन्हींची फक्त ओळख करून देता येते. कोल्हापूर ठरले, तर गणेशोत्सवाआधी कॅमेरा न घेता जावे, एका तालमीच्या कारभाऱ्यांना भेटावे आणि खेळाडूंची नोंदणी सुरू होण्याआधी त्यांचा होकार घेऊन ठेवावा.