मित्राचा वाढदिवस माइनक्राफ्टमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोणी पुण्याला कामाला, कोणी नागपूरच्या होस्टेलवर, बाकीचे गावात. अशा गटासाठी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमची मोबाइलवरची आवृत्ती, म्हणजे बेडरॉक, चांगली चालते. घोळ होतो तो तयारीत.

आधी गेममधलं जग कुणाच्या फोनवर उघडायचं ते ठरवा. उघडणाऱ्याला कॉल आला किंवा त्याने गेम मागे टाकला, की सगळेच बाहेर फेकले जातात. मोबाइल डेटावर तर कधी जोडणीच होत नाही. यावर रिअल्म, म्हणजे पैसे भरून घेतलेलं ऑनलाइन जग, हा उपाय आहे: साध्यात मालकाशिवाय 2 जण, प्लसमध्ये 10 जण येतात, आणि मालक नसला तरी जग चालू राहतं. वर्षभर पैसे भरायची गरज नाही. वाढदिवसाचा एक महिना घ्या, मुदत संपायच्या आत जग फोनवर उतरवून ठेवा.

दुसरी अडचण आवृत्तीची. एकाचा गेम अपडेट झाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर एकत्र येताच येत नाही. अपडेट मोठा असतो आणि रोजच्या रिचार्जचा डेटा रात्रीपर्यंत संपत आलेला असतो, म्हणून दोन दिवस आधीच सगळ्यांकडून करवून घ्या. लहान भावंडांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला घरच्यांनी मल्टिप्लेअरची परवानगी दिली नसेल, तर ते दारातच अडतात. आवाजासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कॉल लावावा लागतो, गेममध्ये ती सोय नाही.

आता केक. क्रिएटिव्हमध्ये (जिथे सगळं सामान आयतं मिळतं) तो फुकट मिळतो, पण त्यात मजा नाही. सर्व्हायव्हलमध्ये (जिथे सामान स्वतः गोळा करावं लागतं) गटाने सामान जमवलेला केकच खरा. 3 बादल्या दूध, 2 साखर, 1 अंडं, 3 गहू. वरच्या ओळीत दूध, मधे साखर-अंडं-साखर, खाली गहू. बादल्या तीन हव्यात, म्हणजे लोखंडाच्या 9 विटा. केक झाला की रिकाम्या बादल्या परत मिळतात. ठेवलेला केक मात्र उचलता येत नाही, फोडला तर हाती काहीच लागत नाही. जागा पक्की झाल्यावरच ठेवा. त्याचे 7 तुकडे होतात आणि पोट भरलेलं असेल तर खाता येत नाही, म्हणून आधी पोट्ट्यांना जरा पळवा.

खरी मेहनत मेणबत्त्यांची. एकीला 1 दोरा आणि 1 मधाच्या पोळ्याचा तुकडा. केकवर एकच बसते, बाकीच्या शेजारच्या ठोकळ्यांवर, एका ठोकळ्यावर 4. विसाव्या वाढदिवसाला 20 आणि केकवरची 1, अशा 21. भरलेलं पोळं कातरलं की 3 तुकडे मिळतात, म्हणजे 7 वेळा कातरावं लागतं. आठवडाभर आधीच सुरू करा. पोळ्याखाली शेकोटी पेटवून धूर द्या, नाहीतर माशा अंगावर येतात. आपल्याकडे झाडावरचं मोहोळ काढतात तसंच!

चकमकीने मेणबत्ती पेटवताना बोट चुकलं, तर लाकडी जमिनीला आग लागते. जगाच्या सेटिंगमधून आग पसरणं बंद करा. मित्राचं नाव लोकरीत लिहिलं असेल तर ते आधी जळतं, म्हणून काँक्रीट वापरा: 4 वाळू, 4 खडी, 1 रंग यातून 8 ठोकळ्यांची पावडर होते, पाणी लागलं की ती घट्ट होते. देवनागरी नाव लिहायला सोपं जातं, आधी शिरोरेघ टाका आणि मग अक्षरं खाली उतरवा. वरच्या मात्रेसाठी 2 ओळी मोकळ्या सोडा.

फटाक्याला 1 कागद आणि 1 बारूद, त्यातून 3 रॉकेट. तारा (रंगीत स्फोट करणारा भाग) न घातलेलं रॉकेट नुसतंच वर जातं, फुटत नाही. ताऱ्याला बारूद आणि रंग लागतो. बारूद क्रीपर या राक्षसाला मारून मिळतं, म्हणून पीसफुलमध्ये (जिथे राक्षस येत नाहीत) ते जमवणं अवघड जातं. सगळी रॉकेटं एकदम सोडली तर स्वस्त फोन गोठतात, थोडं थांबून सोडा.

राहिली वेळ. ज्याच्याकडे रात्रीच्या थ्री-फेजमध्ये ओलित आहे, त्याची पाळी आधी विचारा. लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून फोन पूर्ण चार्ज ठेवा आणि मोबाइल डेटा शिल्लक राखा. मे महिन्यात दुपारी खेळू नका, फोन तापून गेम अडखळतो.