त्स्वाइगेल्ट की ब्लाउफ्रेंकिश? सहा बाटल्यांचा खोका भरताना

ऑस्ट्रियाच्या पूर्वेला असलेल्या बुर्गेनलांडमधल्या छोट्या वाइनरीत लाल वाइन घ्यायला गेलात की पेच बहुधा त्स्वाइगेल्ट आणि ब्लाउफ्रेंकिश या दोन द्राक्षजातींच्या वाइनांत पडतो. दोघी परक्या नाहीत. १९२२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गला झांक्ट लॉरेंट ही द्राक्षजात आणि ब्लाउफ्रेंकिश यांच्या संकरातून त्स्वाइगेल्ट झाली. ब्लाउफ्रेंकिशचा ताठरपणा मात्र तिच्यात फारसा उतरला नाही.

त्स्वाइगेल्ट उघडल्या क्षणी बोलकी असते: आंबट चेरी, मऊ घोट, तुरटपणा बेताचा. साधी असेल तर १४-१५ अंशांवर प्यावी. जास्त कोमट झाली की ढिली लागते. तिचा वेल भरमसाठ फळ धरतो, म्हणून उन्हाळ्यातच काही घड छाटून टाकावे लागतात. ते न केल्यास वाइन पाणचट होते. दुसरी अडचण घड मलूल पडण्याची. पिकता पिकता मणी सुकतात, साखर भरायची थांबते आणि आंबटपणा तसाच राहतो. असे घड तोडणीआधी किंवा तोडताना हातानेच वेगळे काढावे लागतात. म्हणून तोडणी हाताने होते की यंत्राने, हे विचारायला संकोचू नका.

ब्लाउफ्रेंकिशला कोंब लवकर फुटतात आणि ती पिकते उशिरा. त्यामुळे वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवराची धास्ती आणि शरदात उन्हाची गरज, अशी दुहेरी कसरत. थंड वर्षी तिचा तुरटपणा हिरवट आणि खरखरीत लागतो. पण जागा बदलली की चव किती बदलते, ते या द्राक्षात स्पष्ट कळतं. होरिचॉन, डॉइचक्रॉइट्स या गावांच्या जड चिकणमातीत ती गडद आणि भरदार होते; आयझेनबर्ग टेकडीच्या शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) आणि लोहयुक्त मातीत सडपातळ, मिरीच्या वासाची; लायथाबर्ग डोंगराच्या चुनखडीवर ताठ. लेबलवर ‘मिटेलबुर्गेनलांड डीएसी’ (म्हणजे मध्य बुर्गेनलांडच्या खास वाइनचा अधिकृत शिक्का) असेल तर आत ब्लाउफ्रेंकिशच आहे असं समजा. २००५ च्या हंगामापासून तो नियम आहे.

माझ्या लेखी निकाल लावला तो दुसऱ्या दिवसाने. घरात पिणारी माणसं दोन असली की अर्धी बाटली उरतेच. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी साधी त्स्वाइगेल्ट दुसऱ्या संध्याकाळी बसलेली असते: चेरी गेलेली, मागे नुसता आंबटपणा. तिची सगळी मजा ताज्या फळात, आणि हवेला तोंड द्यायला टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, थोडं. ब्लाउफ्रेंकिश बरेचदा दुसऱ्या दिवशीच खुलते. फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढली की पुरतं. सगळ्याच बाटल्यांना हे लागू पडेल असं नाही, पण उरलेली वाइन रश्श्यात ओतायची वेळ त्स्वाइगेल्टवर जास्त येते, हे खरं.

ब्लाउफ्रेंकिशचीही कटकट आहे. पहिल्या दिवशी ती घुमी असते. स्क्रू झाकणाच्या बाटलीला कधी विझलेल्या काडीचा वास येतो. रुंद भांड्यात ओतून तासभर ठेवली की बहुतेक वेळा जातो. तेवढा धीर नसेल तर त्स्वाइगेल्ट घ्या. तिखट जेवणाबरोबरही तीच बरी, कारण टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. व्हिएन्नात राहून कोल्हापुरी मटण करणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

लेबलवरच्या ‘रिझर्व्ह’ (जास्त मुरवलेली) या शब्दाला मात्र भुलू नका. २२५ लिटरच्या नव्या लाकडी पिंपात ठेवलेल्या त्स्वाइगेल्टची चेरी व्हॅनिलाखाली दबते आणि दाम मात्र वाढतो. ब्लाउफ्रेंकिश ५०० लिटरच्या किंवा त्याहून मोठ्या जुन्या पिंपातली मिळाली तर आधी ती पाहा.

चाखायला बसल्यावर काल उघडलेली बाटली आहे का, हे विचारा. छोट्या ठिकाणी ती असतेच. आजची आणि कालची शेजारी ठेवून प्या. त्यानंतरही मन डळमळत असेल तर चार ब्लाउफ्रेंकिश, दोन त्स्वाइगेल्ट घ्या, आणि त्या दोन पाहुणे असतील त्याच दिवशी उघडा.