सोलर हीटर बसवल्यावर गरम पाण्याची धार बारीक झाली : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरावर काचेच्या नळ्यांचा दोनशे लिटरचा सोलर बसवला. तापण्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, डिसेंबरातही पाणी कडकडीत. पण खालच्या बाथरूममध्ये गरम पाण्याची धार करंगळीएवढी, आणि सासूबाई बादली भरायची वाट बघत थंडीत कुडकुडत बसायच्या. बसवणारे म्हणाले, "सोलरला प्रेशर कमीच असतं, पंप लावून घ्या." हे उत्तर खूप जणांना मिळतं आणि ते अर्धवट आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

अशा हीटरला स्वतःचा जोर नसतो, पाणी फक्त उंचीमुळे उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळापासून सहा मीटर वर असेल, तर ०.६ बार मिळतो. बादलीला तेवढा भरपूर झाला. त्याच बाथरूममध्ये गार पाणी जोरात येत होतं, म्हणजे उंची पुरेशी होती आणि दोष गरम पाण्याच्या लाइनीत होता.

मग ओळखीच्या प्लंबरकाकांना बोलावलं. आतलं गरम पाणी वापरून संपल्यावर त्यांनी गच्चीवर हीटरच्या आउटलेटचं युनियन (पाइपचा खोलता येणारा जोड) खोललं. तिथं भरभरून पाणी! टाकी आणि तिच्यात येणारी लाइन दोन्ही ठीक. पुढचा पाइप मात्र सगळा अर्धा इंची, त्यात तो कठड्यावरून चढवून खाली सोडलेला. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि अशा उंचवट्यात अडकून बसते. काकांनी कठड्याच्या बुडाशी भोक पाडून पाइप सलग उताराने नेला, खालपर्यंत एक इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) टाकला आणि अर्धा इंच फक्त नळापाशी ठेवला. नळाच्या जाळीतून पाइप कापतानाचा भुगा आणि टेफ्लॉनचे तुकडे निघाले. धार त्याच दिवशी सुधारली.

उन्हाळ्यात ती पुन्हा मंदावली. इथं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकीत बोअरचं पाणी मिसळावं लागतं आणि त्याचे क्षार जाळीवर बसतात. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की साफ होते.

पंपाबद्दल कळकळीने सांगते. साध्या, बिनदाबाच्या सोलर टाकीच्या आधी प्रेशर पंप लावू नका, ती टाकी दाब सोसायला बनवलेली नसते. फक्त गार लाइनीला लावला, तर मिक्सरमध्ये (गार-गरम एकत्र करणाऱ्या नळात) गार पाणी गरम पाण्याला मागे ढकलतं.

वरच्या मजल्यावरचा शॉवर अजून समाधानकारक नाही. तिथं उंचीच दोन मीटरच्या आत आहे, पाइप बदलून तो प्रश्न सुटणार नाही. थंडीच्या आधी आउटलेटनंतर गरम पाण्याला चालणारा छोटा पंप बसवून घेणार आहोत.