मॉग अँटिबॉडीची तपासणी: रिपोर्टवर टायटर, म्हणजे अँटिबॉडीच्या प्रमाणाचा आकडा, नसेल तर पैसे अर्धे वाया

डोळा हलवला की दुखतो, दोन-तीन दिवसांत नजर धूसर होते, एमआरआयमध्ये डोळ्यामागची नस सुजलेली दिसते. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर हल्ली दोन रक्ततपासण्या जोडीनं येतात: अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग. दोन्ही आपल्याच शरीरातली प्रथिनं; त्यांच्याविरुद्ध रक्तात अँटिबॉडी आहेत का, ते या तपासण्या पाहतात. मॉग हे नसांवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनातलं प्रथिन. पहिलीबद्दल फारशी तक्रार करण्यासारखं नाही. दुसरी नीट मागवली, नीट केली आणि नीट वाचली, तर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) समजून भलत्याच औषधांवर वर्षं घालवण्यापासून माणूस वाचतो. सरसकट मागवली, तर नसलेला आजार गळ्यात पडतो. ती दोन प्रकारे होते: जिवंत पेशींवर, किंवा रसायनानं स्थिर केलेल्या, म्हणजे ‘फिक्स्ड’ पेशींवर. इथलं परीक्षण मुख्यतः ‘फिक्स्ड सेल’ प्रकाराचं आहे, कारण तयार किटमुळे तोच सर्वांत सहज मिळतो.

आधी हे प्रथिन इतकं नखरेल का, ते पाहू. मायलिनमध्ये पीएलपी आणि एमबीपी ही दोन प्रथिनंच बहुतेक जागा अडवून बसतात; मॉगचा वाटा त्यांच्यापुढे चिमूटभरही नाही. पण एमबीपी असतं वेष्टनाच्या आतल्या बाजूला आणि मॉग अगदी बाहेरच्या थरावर, उघड्यावर. म्हणून रक्तातून आलेल्या अँटिबॉडीच्या तावडीत ते सापडतं. आणि रुग्णाची अँटिबॉडी मॉगला त्याच्या नैसर्गिक घडीसकटच, म्हणजे मूळ आकारातच, ओळखते. घडी मोडली की ओळख गेली.

हे कळायला संशोधकांना किंमत मोजावी लागली. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये १०३ रुग्णांचा अभ्यास आला: आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर रक्तात मॉग आणि एमबीपीविरोधी अँटिबॉडी सापडल्या तर पुढे एमएस होण्याची शक्यता फार मोठी, असा त्याचा निष्कर्ष. २००७ मध्ये त्याच नियतकालिकात ४६२ रुग्णांचा अभ्यास छापून आला आणि तो संबंध कुठेच दिसला नाही. दोन्हीकडे पद्धत वेस्टर्न ब्लॉटची होती, म्हणजे प्रथिनाची घडी उलगडून मग अँटिबॉडी शोधायची. चिकटत होतं ते भलतंच काहीतरी. एलिसाचीही हीच रड: प्लास्टिकच्या ताटलीवर चिकटवलेलं मॉग आपला मूळ आकार धरून ठेवत नाही. तेव्हा कुणी एलिसावर मॉग करून देतो म्हणाला, तर दर कितीही कमी असला तरी नको म्हणावं.

आता किटकडे. जर्मनीतल्या ल्यूबेकच्या युरोइम्यूनचं बायोचिप किट या प्रकारात सर्वांत परिचित. एचईके नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये माणसाच्या मॉगचं जनुक घालतात, पेशी आपल्या पृष्ठभागावर ते प्रथिन मांडतात, मग त्या रसायनानं स्थिर करून काचपट्टीवर बसवतात. शेजारच्या चौकोनात मॉग नसलेल्या तशाच पेशी. मॉग माणसाचंच हवं, ही अट नुसती हौस नाही. उंदराच्या मॉगमध्ये ४२व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं, माणसाच्या मॉगमध्ये प्रोलीन. एवढ्याशा फरकानं अनेक रुग्णांच्या अँटिबॉडी उंदराच्या मॉगला विचारतसुद्धा नाहीत.

कृती सोपी आहे. सीरम १:१० पातळ करायचं, ३० मायक्रोलिटर चौकोनावर, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. बफरनं धुणं. मग चकाकणाऱ्या रंगाची दुसरी अँटिबॉडी, पुन्हा ३० मिनिटं. पुन्हा धुणं, ग्लिसरॉल, कव्हरस्लिप आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक. दीड-दोन तासांचं काम. अडचण यंत्राची नाही, डोळ्याची आहे. खऱ्या पॉझिटिव्हमध्ये चकाकी मॉग असलेल्या पेशींच्या कडेनं दिसते आणि शेजारचा चौकोन काळा राहतो. रुग्णाच्या रक्तात केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी असतील, म्हणजे एएनए पॉझिटिव्ह असेल, तर दोन्ही चौकोन उजळतात आणि १:१० वर काय खरं काय खोटं ते कळेनासं होतं. घाईत धुतलेली काचपट्टीही अशीच फसवते. दोन तंत्रज्ञांनी एकमेकांना न विचारता वाचायची पद्धत जिथे आहे, तिथल्या रिपोर्टवर जास्त विसंबावं. लॅबला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: दुसरी अँटिबॉडी कुठली वापरता? आयजीजी या अँटिबॉडीच्या मुख्य प्रकाराच्या नुसत्या एफसी भागाला (शेपटीला) किंवा फक्त आयजीजी-१ ला धरणारी असेल तर बरं. पूर्ण रेणूला धरणारी असेल तर ती आयजीएम या दुसऱ्या प्रकारालाही चिकटते आणि खोटे पॉझिटिव्ह वाढतात.

खरी मेख टायटरमध्ये आहे. सीरम पायरीपायरीनं पातळ करत जायचं, १:१०, १:३२, १:१००, १:३२०, १:१०००, आणि शेवटची चकाकी कुठे दिसते ते लिहायचं. बऱ्याच रिपोर्टांवर मात्र नुसतं ‘पॉझिटिव्ह’ छापलेलं असतं, आणि या तपासणीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या निदान-निकषांप्रमाणे फिक्स्ड पद्धतीत १:१०० किंवा त्याहून वर असेल तरच स्पष्ट पॉझिटिव्ह. १:१० ते १:१०० च्या मधलं सगळं ‘लो पॉझिटिव्ह’. टायटर लिहिलंच नसेल तर तेही याच डब्यात. या डब्यातल्या रुग्णाला मॉगचा आजार आहे असं म्हणायचं, तर अ‍ॅक्वापोरिन-४ निगेटिव्ह हवं आणि शिवाय एखादी ठळक खूण हवी: दोन्ही डोळे एकदम जाणं, डोळ्यामागच्या नसेची निम्म्याहून जास्त लांबी सुजणं, नसेच्या वेष्टनात एमआरआयचा रंग भरणं, डोळ्याच्या पडद्यावर चकतीची सूज, मणक्यातल्या रज्जूवर लांबलचक डाग, आडव्या छेदात एच अक्षरासारखा आकार, किंवा रज्जूच्या टोकाशी डाग. म्हणजे आकडा न देऊन लॅबनं जे श्रम वाचवले, ते रुग्ण आणि डॉक्टर फेडतात.

टायटर किती फरक पाडतं? मेयो क्लिनिकच्या २०२१ मधल्या अभ्यासात १२६० जणांची तपासणी झाली आणि ९२ पॉझिटिव्ह आले. त्यातले २६ खोटे होते. १:१००० टायटर असलेले सगळे खरे निघाले. १:२० आणि १:४० वाल्यांत मात्र जवळपास निम्मेच. आणि तो अभ्यास जिवंत पेशींच्या पद्धतीवर होता, म्हणजे दोन्हींतल्या अधिक चांगल्या पद्धतीवर. तिथला १:२० आणि तुमच्या फिक्स्ड रिपोर्टावरचा १:३२ यांची तुलना करू नये. वजनकाटेच वेगळे आहेत.

म्हणून कुणाला ही तपासणी करायची नाही, हे आधी ठरवावं. साधं गणित आहे. ९८ टक्के स्पेसिफिसिटीची, म्हणजे आजार नसलेल्या शंभरातल्या ९८ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगणारी तपासणी १००० जणांवर केली आणि खरे रुग्ण १० असले, तर ते दहाही सापडले असं धरलं तरी जोडीला २० खोटे येतात. मेंदूत ठरावीक जागी अंडाकृती डाग, मणक्याच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (अँटिबॉडीचे ठरावीक पट्टे), हळूहळू वाढत गेलेला आजार, असं सरळ एमएसचं चित्र असेल तर मॉग मागवूच नये. ‘डिमायलिनेशन पॅनेल’ नावाच्या एकगठ्ठा पॅकेजबद्दल म्हणूनच आमचं मत वाईट आहे. लहान मुलाला एडेम (मेंदू आणि रज्जूत अचानक पसरणारी सूज), वारंवार डोळ्याची सूज, फिट्स आणि मेंदूच्या सालीची सूज, रज्जूवर लांब डाग, इथे मात्र तपासणी हवीच.

नमुन्याचं थोडक्यात. सीरम लागतं, तेव्हा साधी लाल किंवा जेलवाली पिवळी ट्यूब. रक्त झटक्याच्या वेळी आणि शक्यतो स्टिरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं) सुरू होण्याआधी काढावं. उपचार मात्र रिपोर्टासाठी अडवू नयेत. पाच मिलिलिटर रक्त आधी काढून ठेवलं की काम भागतं. एक-दोन दिवसांत लॅबला पोचणार असेल तर ४ अंशांवर चालतं, नाहीतर सीरम वेगळं करून गोठवून पाठवावं. लाल झालेला किंवा चरबीनं दुधाळ दिसणारा नमुना परत मागवलेलाच बरा. प्लाझ्मा एक्स्चेंज किंवा आयव्हीआयजीनंतर काढलेला नमुना निगेटिव्ह आला आणि संशय दाट असला, तर एक ते तीन महिन्यांनी पुन्हा करावं.

जिवंत पेशींची पद्धत सरस आहे यात वाद नाही. त्यात प्रथिनाला रसायन लागतच नाही, घडी शाबूत राहते. वेगवेगळ्या केंद्रांत ११ पद्धती समोरासमोर ठेवून झालेल्या तुलनेत स्पष्ट पॉझिटिव्ह आणि स्पष्ट निगेटिव्ह नमुन्यांवर जिवंत पेशींच्या पद्धती एकमेकींशी उत्तम जुळल्या; काठावरच्या नमुन्यांवर मात्र त्यांचंही एकमत झालं नाही. पण रोजच्या रोज पेशी वाढवणं, त्यांत जनुक घालणं, फ्लो सायटोमीटर (पेशींची चकाकी मोजणारं यंत्र) चालवणं मोजक्या केंद्रांनाच परवडतं. तेव्हा व्यवहारी रस्ता असा: पहिली तपासणी फिक्स्ड, टायटरसकट. १:१०० किंवा त्याहून वर आणि चित्रही जुळतं, तर तिथेच थांबा. खाली आलं, किंवा निगेटिव्ह येऊनही चित्र ओरडून मॉग सांगतंय, तर तोच नमुना जिवंत पेशींच्या लॅबला पाठवा. मणक्याचं पाणी पहिल्या फेरीत तपासायची गरज नाही; रक्त निगेटिव्ह आल्यावर त्याचा उपयोग होतो, कारण थोड्या रुग्णांत अँटिबॉडी फक्त पाण्यातच असते.

दर महिन्याला टायटर मोजून औषधाची मात्रा ठरवण्यासाठी ही तपासणी नाही. एडेम झालेल्या मुलांमध्ये अँटिबॉडी काही महिन्यांत नाहीशी झाली तर पुन्हा झटका येण्याची शक्यता कमी होते, तेवढ्यासाठी सहा महिने ते वर्षानं एकदा पाहणं ठीक. टिकून राहिली म्हणजे झटका येणारच, असं मात्र नाही. आणि दुसऱ्यांदा कराल तेव्हा लॅब तीच ठेवा, पद्धतही तीच.