आपले सरकार पोर्टलवरचे महसुली दाखले: काय जमलं, कुठं अडतं

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडच्या गावांत जून लागला की कृषी केंद्रापुढे बियाण्यासाठी गर्दी होते आणि तेव्हाच सेवा केंद्रापुढे दाखल्यांसाठी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं प्रवेशाच्या तोंडावर लागतं. म्हणून हे दाखले ऑनलाइन देणारी राज्य सरकारची 'आपले सरकार' सेवा पारखायची तर जूनमध्येच.

आधी चांगली बाजू. अर्ज घरूनही भरता येतो आणि टोकन क्रमांकावरून तो कोणत्या टेबलावर आहे ते दिसतं. दाखल्यावर डिजिटल सही असते, त्यामुळे शिक्क्यासाठी तालुक्याला जायची गरज उरली नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला स्टॅम्प पेपरही लागत नाही. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयानं प्रतिज्ञापत्राच्या जागी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणलं. तरीही कुणी स्टॅम्प मागितला तर हा निर्णय दाखवावा. या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाकणारा गर्दीतून सुटतो.

अडतं ते संगणकाबाहेर. उत्पन्नाच्या अर्जाला ग्राम महसूल अधिकाऱ्याचा (जुने तलाठी) अहवाल जोडावा लागतो आणि तो हातानंच आणावा लागतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन साझे (गावांचे महसुली गट) असले की तो कोणत्या दिवशी कुठं बसतो, हे गावाला माहीत नसतं. चावडीवर वार लिहिलेला साधा फलक लावला तरी हेलपाटे वाचतील. त्याला एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागत नाही, तहसीलदाराची इच्छा लागते.

जातीच्या दाखल्याची गोष्ट जास्त अवघड आहे. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. विदर्भात हा पुरावा बहुतेकदा कोतवाल बुकात (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत) सापडतो. कोतवाल बुकाचं पान पिवळं, शाई उडालेली. मोबाईलवर फोटो काढून तो 500 केबीच्या आत दाबून बसवला की जातीचा रकानाच वाचता येत नाही आणि अर्ज 'त्रुटी' म्हणून परत येतो. नक्कल सपाट स्कॅनरवर, करड्या रंगात, फक्त लागणारं पान घेऊन स्कॅन करावी. फाइल 75 ते 500 केबीमध्ये बसते आणि अक्षरंही टिकतात. दुसरी अडचण नावांची. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, 'अमुक वल्द तमुक' (तमुकचा मुलगा अमुक) एवढंच असतं. तिथून अर्जदारापर्यंतची वंशावळ प्रत्येक पिढीच्या नावासह लिहून, जमेल तिथं शाळा सोडल्याच्या दाखल्यासह जोडली नाही, तर कारकून दुवा जुळवू शकत नाही. त्यात त्याचा दोष नसतो.

आता उत्तरदायित्वाकडे येऊ, कारण ही सेवा तिथं खरी ठरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील, पुढे दुसरं, दोन्ही त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे. त्यानंतर 60 दिवसांत लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. नागपूर आणि अमरावती विभागांना स्वतंत्र आयुक्त आहेत. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या पगारातून कापता येतो.

कागदावर हा कायदा भक्कम आहे. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्जापासून. म्हणजे चौदाव्या दिवशी त्रुटी काढली की पुन्हा वाट पाहणं आलं. आमच्या मते सगळ्यात मोठं छिद्र हेच. त्रुटी काढायचीच तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, सगळ्या एकदम आणि नेमक्या शब्दांत काढावी. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढ्या शेऱ्यावरून शेतमजुराच्या मुलीनं काय दुरुस्त करायचं? 'निकाली' अर्जांच्या टक्केवारीवरही भुलू नये. नामंजूर झालेला अर्जही निकालीच असतो. जिल्हाधिकाऱ्यांनी दर आठवड्याच्या आढाव्यात किती निकाली निघाले याबरोबरच किती अर्ज एकापेक्षा जास्त वेळा परत गेले, हेही विचारायला पाहिजे. अधिकाऱ्याची बदली झाली आणि नव्या साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल (सही साठवलेलं, संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) नोंदवलं गेलं नाही, की तयार दाखलेही तसेच पडून राहतात. बदलीच्या आदेशाबरोबरच ही नोंदणी उरकायला हवी.

अर्जदारानं एवढं करावं: केंद्रावरून टोकन क्रमांक, तारीख आणि शुल्क लिहिलेली छापील पावती घ्यावी, दरफलकाशी शुल्क ताडून पाहावं. अर्जात केंद्रचालकाचा नव्हे, स्वतःचा मोबाईल क्रमांक टाकावा, नाहीतर त्रुटीचा संदेश भलतीकडेच जातो. मेळघाट, भामरागडसारख्या भागात जिथं रेंजच नसते, तिथं आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती पाहून घेणं भाग आहे. मुदतीची तारीख पावतीवरच लिहून ठेवावी आणि ती टळल्यास दुसऱ्या दिवशी पोर्टलवरूनच पहिलं अपील टाकावं.